भागवतकाकांचा नेम

१६ ऑगस्ट, शनिवार. सकाळी गाडीची मागची सीट घासत होते. महिना झाला तरी ग्रीसचा डाग हटत नाही. हे भागवतकाकांचं काम.

काका इथे अर्विंग गावातले आमचे शेजारी, निवृत्त मेकॅनिकल इंजिनियर. त्यांच्याकडे लष्कराच्या जुन्या साठ्यातली एक रायफल आहे. तिच्या लाकडी दस्त्यात वर्षानुवर्षांचं ग्रीस मुरलेलं. ते उन्हात वितळून बाहेर यावं म्हणून त्यांनी दस्ता प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्या गाडीत ठेवला. त्यांची गाडी पांढरी, माझी काळी. "तुझी जास्त तापते," एवढाच खुलासा. ग्रीस वितळलं. पिशवीही फाटली.

"एका वेळी एकच बदल" हा त्यांचा मंत्र. आमच्याकडे जेवायला आले आणि आमटी अळणी लागली, की आधी मीठ, मग चव, मग लिंबू, पुन्हा चव. तोवर बाकीचे ताक पिऊन उठतात. रायफलीचंही तेच. आधी स्क्रू आवळले आणि रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, नेम पाहिला. मग नळी आतून साफ केली, पुन्हा रेंज. हायवेवर ते ड्राइव्ह करत नाहीत, म्हणजे दर वेळी मी. शेवटी त्यांनी शोधून काढलं, की गोळ्या झाडून नळी तापली की दस्त्याच्या लाकडाला टेकते आणि नेम हुकतो. दोन्हींच्या मधून कागदाची पट्टी सहज सरकेपर्यंत ते लाकूड घासत बसले. इतकी चिकाटी मी दुसऱ्या कोणात पाहिलेली नाही.

त्याच शनिवारी दुपारी पुन्हा रेंजवर गेलो आणि निकाल लागला. पूर्वी कागदभर विखुरणारी भोकं आता चहाच्या कपाखाली झाकली गेली असती. परतताना काका म्हणाले, "ही फ्रँकची रायफल."

फ्रँक त्यांचा ऑफिसमधला जुना मित्र. आता फोर्ट वर्थच्या वृद्धाश्रमात असतो. पहिली गोळी नीट जाते, मग रायफल भरकटते, असं तो सांगायचा.

"मी सगळ्यांसमोर म्हटलं, रायफल ठीक आहे, तुझा हात थरथरतो. त्याने ती मला देऊन टाकली. पुन्हा रेंजवर आला नाही."

"तपासलं नव्हतंत?"

"तेवढं एकदाच नाही तपासलं."

मग जाऊन सांगा की, मी म्हटलं. तर म्हणे ऊन फार आहे, तो झोपलेला असेल, अजून एक टेस्ट घ्यायला हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या टेबलावरून जुना आणि नवा असे नेमाचे दोन्ही कागद उचलले आणि पर्समध्ये घातले. म्हटलं, "काका, मी हे फ्रँकला दाखवायला निघालेय. यायचं असेल तर बूट घाला."