तिसरा आवाज

"मागे मी बसते," असं यशोधरा बोलून गेली आणि लगेच तिने जीभ चावली. (कुकरची शिट्टी आता होणार हे माहीत असूनही शिट्टीला दचकणारी मुलगी ती. असलं धाडस आपल्या तोंडून निघालंच कसं, हे तिचं तिलाच कळेना.)

विषय पिकअपचा होता. लग्नाला चार महिने होत नाहीत तोच सम्यकने नोकरी सोडून जुना पिकअप घेतला होता. आनंदनगरच्या एका कारखान्यातल्या काचेच्या बरण्या रोज पोचवायचं काम जवळजवळ हातात आलं होतं. फक्त सोमवारी तिथले सुपरवायझर दौलतराव स्वतः गाडीत बसून ट्रायल घेणार होते. "वाजणाऱ्या गाडीत मी काच ठेवत नाही," असं त्यांनी आधीच बजावलं होतं. आणि हा पिकअप त्यांच्या बेलवलीच्या गल्लीच्या तोंडाशी आला, की तिसऱ्या मजल्यावर सासूबाई चहाचं आधण ठेवायच्या, इतका वाजायचा!

उल्हासनगरचा नाथा मिस्त्री म्हणाला होता, "साईं, नुसतं बघून काय सांगू? मागे कोणीतरी बसून ऐका. कुठल्या चाकाला, कधी वाजतंय ते लिहून आणा."

लिहायचं म्हटल्यावर यशोधराला राहवेना. बीएस्सीला तिच्या जर्नलमध्ये कधी लाल रेघ पडली नव्हती. शनिवारी सकाळी ती वही घेऊन मागच्या उघड्या हौद्यात गोणपाटावर बसली आणि सात स्पीडब्रेकर सोसून उतरली.

"लेफ्टला 'धप', चाक खाली येताना. राइटला 'कुईं', हळू चालवलं तरी," तिने वाचून दाखवलं.

"आणि तिसरा?" सम्यकने केबिनमधून मान बाहेर काढली.

"तिसरा कुठला?"

"अगं, 'ई' करून येतो तो! बारीक, चिरका. सगळ्यात डेंजर तोच आहे!"

यशोधराचा चेहरा उतरला. तिने लिहिलं : तिसरा आवाज 'ई'. मला ऐकू येत नाही. कान तपासून घेणे.

गॅरेजमध्ये नाथाने गाडीखाली पहार घालून हलवलं आणि 'धप' लगेच सापडला. शॉकअपच्या रबरी बुशचा पार भुगा झाला होता. 'कुईं'साठी मात्र तो म्हणाला, "स्प्रिंगचे सगळे पाटे खोलावे लागतील. मंगळवार उजाडेल."

"भाऊ, थांबा जरा," यशोधरा म्हणाली (भीत भीत, पण म्हणाली). तिने एका बाटलीत साबणाचं पाणी केलं. सम्यकला मागच्या बंपरवर उभं राहून उड्या मारायला लावलं आणि स्वतः खाली वाकून पाट्यांच्या एकेका जोडावर पाणी सोडत गेली. पहिला जोड, कुईं. दुसरा, कुईं. तिसऱ्यावर पाणी पडलं आणि गाडी एकदम गप्प!

"हाच!"

नाथाने पाना खाली ठेवला. "वहिनी, उद्यापासून इथेच येत जा. माझी माणसं घरी पाठवतो."

तासाभरात नवा बुश बसला आणि त्या एका जोडात ग्रीस गेलं. जुना बुश हातात धरून यशोधराने फोटो काढला आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला.

राहिला तिसरा. गॅरेजसमोरच्या ब्रेकरवरून गाडी नेऊन बघितली, तर ती खाली उभी राहिली की गाडी गप्प, ती हौद्यात बसली की 'ई'. नाथाने केबिनमध्ये बसून डोळे मिटून ऐकलं.

"लोडवर येतो. किती लोड आहे?"

"बावन्न किलो," यशोधरा पुटपुटली.

तिला उतरवून सिमेंटची अख्खी गोणी ठेवली. गाडी गप्प. नाथाने डोकं खाजवलं. "म्हणजे पन्नासला येत नाही, बावन्नला येतो! असली केस पहिल्यांदा बघितली." मग त्याने गाडीचे होते नव्हते तेवढे नट आवळले आणि हात जोडले.

सोमवारी बरण्या भरल्या. केबिनमध्ये एका बाजूला सम्यक, दुसऱ्या बाजूला दौलतराव आणि मध्ये वहीसकट यशोधरा. (गाडीच्या दुखण्याचं निदान तिनेच केलं होतं, ट्रायल ती कशी सोडेल?) पहिला ब्रेकर आला. 'धप' नाही. 'कुईं' नाही. अभिमानाने तिचा ऊर भरून आला, तेवढ्यात मागचं चाक चढलं.

"ई!"

दौलतरावांचा चष्मा नाकावरून घसरला. सम्यकने गचकन ब्रेक दाबला.

"ऐकला!" यशोधरा वही उघडत ओरडली. "सम्यक, आज मलाही ऐकू आला! अगदी कानाजवळून!"

सम्यकने हळूच स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"बाई," दौलतराव चष्मा वर सारत म्हणाले, "तो तुमच्या तोंडातून आला."

कारखान्यात परतल्यावर बरण्या मोजल्या. एकीलाही तडा नव्हता. दौलतरावांनी फॉर्म भरला : 'गाडी पास. सस्पेन्शन उत्तम. आवाज एकच, तो घरी ठेवून येणे.'

सम्यक हसायचा थांबेना. यशोधराने मात्र शेवटच्या ओळीवर अंगठा ठेवून फॉर्मचा फोटो काढला आणि मोठ्या दिमाखात माहेरच्या ग्रुपवर टाकला. गाडी तिने दुरुस्त केली होती, हे तर कागदावरच होतं ना!

लगेच हातातला मोबाइल टुंग् वाजला आणि सवयीप्रमाणे ती दचकली. आईचं उत्तर होतं : 'शाब्बास! पण अंगठा सरकव.'

ते मात्र तिने नंतर वाचलं. आधी गेटवरचा वॉचमन धावत आला होता आणि पिकअपच्या खाली वाकून बघत होता.

"साहेब, पास कशी केली? अजून वाजतेय की!"