विकलेल्या जीपमधले भाऊ

माजी आमदार गोविंदभाऊंनी मला फसवलं. जीप मला विकली आणि स्वतः तिच्यातून उतरलेच नाहीत.

मी टेमघरचा. मोडीत निघालेले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग घ्यायचे आणि त्यांचे भाग विकायचे, हा माझा धंदा. भाव करण्यात मला भिवंडीत कोणी हरवलेलं नाही. भाऊ निवडणूक हरले तेव्हा त्यांची प्रचाराची जीप घ्यायला मी घासाघिशीच्या तयारीनं गेलो. पहिल्याच भावाला ते "दिली" म्हणाले. तिथंच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत भाऊ ड्रायव्हरशेजारच्या सीटवर हजर.

"भाऊ, गाडी आता माझी आहे."

"मग चालव की! मला कुठं चालवता येते?"

तेव्हापासून मागं लूमचं लोखंड, पुढं माजी आमदार. दापोड्याला माल पोचवायला निघालो आणि वाटेत तुंबलेलं गटार दिसलं, की भाऊ गाडी थांबवून त्याच्याकडे रोखून बघायचे. "हा प्रश्न सभागृहात मांडाय लागंल." मी टपरीवर चहावाल्याशी भांडलो तरी म्हणायचे, "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं." चहावाला खरंच मला हाताला धरून बसवायचा.

लग्नसराईत तर विचारूच नका. आमच्याकडे हळदीला पुढारी आला, की गाणं थांबवून माइकवर त्याचं नाव घेतात. एका मांडवात नाव कोणी घेईचना. भाऊंनी चप्पल काढली, परत घातली, मग हळूच मला म्हणाले, "जा, सांग त्यांना." माझं डोकं फिरलं होतं. मी माइक ओढला आणि ओरडलो, "ज्यांच्यामुळं माझा धंदा बसला, ते माजी आमदार आलेत!"

टाळ्या पडल्या. भाऊ खूश. "चांगला बोललास. पुढच्या मांडवात पण हेच बोल."

पाच-सहा वर्षं हे सोसून शेवटी दापोड्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याशी मी जीपचा सौदा ठरवला. भाऊंनी वाद घातला नाही. "मंगळवारी अकलोलीला ने, मग दे कुणाला पण," एवढंच म्हणाले.

मंगळवारी त्यांनी गाडी आधी नानांच्या दारात थांबवायला लावली. नाना म्हणजे भाऊंना पाडून आमदार झालेले आणि पुढच्या खेपेला स्वतःही पडलेले. त्यांचं एक अंग लुळं पडलं होतं. भाऊंनी त्यांना उचलून माझ्या शेजारी बसवलं आणि स्वतः मागं लोखंडावर बसले.

"डॉक्टर बोललाय, गरम पाण्यानं शेकायचं. पण याला न्यायला कुणी न्हाय," भाऊ मागून म्हणाले.

वाटभर दोघांची जुंपली होती.

"हा रस्ता मी मंजूर केलाय."

"खड्डे पण तूच मंजूर केलेस."

अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर भाऊ पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून बसले आणि नानांच्या हातावर तांब्यातांब्यानं गरम पाणी ओतत राहिले.

"बरं वाटतंय का?"

"न्हाय. पण दुसरं कोण येतंय माझ्याकडं?"

"माझ्याकडं तरी कोण येतंय?" भाऊ म्हणाले आणि तांब्या पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टवाला आला. "सेठ, गाडी देनी है के नहीं?" मी त्याला नको नको ते बोललो आणि हाकलून दिलं. आता दर मंगळवारी माझं दुकान बंद असतं.

मतदारांनो, या दोघांना निवडून दिलंत तुम्ही आणि पाडलंतही तुम्हीच. त्यानंतर एकानंही त्यांच्या दारात पाऊल ठेवलं नाही. मग दुकानाला कुलूप मी का लावायचं? समोर या आणि उत्तर द्या.