येऊ दे, येऊ दे, बस

मला चौकशीची भारी खोड आहे. हातात नकाशा असला तरी एखाद्या माणसाला रस्ता विचारल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडत नाही. दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात आयर्लंडमधला लॉकडाउन सैल झाला, काउंटीबाहेर, म्हणजे आपल्या जिल्ह्याबाहेर, जायची परवानगी मिळाली आणि आम्ही, म्हणजे मी आणि माझी बायको रेवती, ॲडम्सटाउनहून भाड्याची कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच, गाडीमागे अडकवून निघालो. स्लायगोच्या पुढे समुद्राकाठी जागा बुक होती, फोनमधली बाई मोठ्या रस्त्यानं व्यवस्थित नेत होती. तरी पेट्रोल पंपावर मी एका आजोबांना विचारलंच.

"ती समोरची लेन घे," ते म्हणाले. "शॉर्टकट आहे. रोड इज ग्रँड."

(आयर्लंडमध्ये पाय मोडलेला माणूससुद्धा 'ग्रँड', म्हणजे झकास, असतो, हे मला ठाऊक होतं. पण म्हटलं, बघू तरी.)

"बरा चाललाय ना मोठा रस्ता?" रेवती म्हणाली.

"अगं, देश बघायचा तर आतल्या रस्त्यानं."

आतल्या रस्त्यावरची पांढरी रेघ आधी गायब झाली. मग डांबराच्या मधोमध गवत दिसायला लागलं. मला कुतूहल, की गवत मधेच का? चाकं तिथून जात नाहीत म्हणून, की तिथे डांबरच टाकत नाहीत? मी हे रेवतीला समजावून सांगत होतो, तेवढ्यात समोरून जीप आली. दोन्ही बाजूंना दाट झुडपं, झुडपांखाली चर. जीपमध्ये जनावरांची डॉक्टर होती. आणि आमच्या मागून पॉड्रिग नावाचा शेतकरी धावत आला. त्याची गाय वीत होती आणि मधेच अडली होती. गोठा आमच्या मागे, डॉक्टर आमच्या पुढे, मधे आम्ही.

"माझ्या फाटकापर्यंत मागे घे रे बाबा," तो काकुळतीला आला होता. "नाहीतर गाय हातची जाईल."

आता कॅरॅव्हॅन मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ती उजवीकडे जाते. (आमच्या घरात मी काही सुचवलं की असंच होतं.) रेवती मागे जाऊन उभी राहिली आणि तिनं अस्सल पुणेरी सूर लावला.

"येऊ दे, येऊ दे... बस, बस."

मी थांबलो. चाकं सरळ केली, पुन्हा निघालो.

"बस? या रस्त्यावर?" पॉड्रिग हबकून ओरडला.

मी ब्रेक दाबला.

"अरे, थांबलास का? ये की," रेवती.

"तूच म्हणालीस ना बस?"

"माझी बस मघाची. ही त्याची."

पुन्हा निघालो. "व्हेअर इज द बस?" पॉड्रिग वळणाकडे बघून ओरडला. ब्रेक. डॉक्टरीणबाईंनी जीपची काच खाली केली, "इज देअर अ बस?" ब्रेक. शेवटी मी वैतागलो आणि ठरवलं, आता कुणाचीही बस ऐकायची नाही. त्यानंतरची बस नेमकी रेवतीची होती, जीव तोडून दिलेली. कॅरॅव्हॅनचं चाक चरात गेलं आणि ती रस्त्यात आडवी झाली.

पिशवी आणि दोर खांद्यावर टाकून, झुडपातून ओरखडे खात डॉक्टरीणबाई पॉड्रिगमागे पळाल्या. माझ्या एका चौकशीपायी कुणाची गाय जाते की काय, या विचारानं मला खरंच लाज वाटत होती. खरंच लाज वाटत होती.

"हे तुझे प्रताप," रेवती म्हणाली. (माझं नावच प्रताप आहे, त्यामुळे हे वाक्य तिला फार सोयीचं पडतं.)

बऱ्याच वेळानं पॉड्रिग ट्रॅक्टर घेऊन आला. हात कोपरापर्यंत माखलेले, पण चेहरा हसरा. गाय वाचली होती, गोऱ्हा झाला होता. साखळी लावून त्यानं आमची कॅरॅव्हॅन बाहेर काढली, एका शब्दानं बोलला नाही, वर चहाला घेऊन गेला. वाटेत गोठ्यात डोकावलो तर ओला गोऱ्हा उभं राहायला धडपडत होता. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू.

"तुझं नाव काय म्हणालास?" घरात चहाला बसल्यावर पॉड्रिगनं विचारलं.

"प्रताप."

"मग गोऱ्ह्याचंही प्रताप."

मला भरूनच आलं. परक्या देशात आपलं नाव राहणार म्हणजे काय. रेवतीकडे एकदा बघून मी विनयानं म्हणालो, "छे, मी असं काय केलं?"

"तू काही नाही केलंस," पॉड्रिग कपात चहा ओतत म्हणाला. "पण तोही उलटा आला, मधेच अडकला, आणि शेवटी ओढून काढावा लागला."