रामल्याच्या लाइनीला पहिला मान

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. आमच्या तेल अवीवच्या कंपनीत कोणाचा कॉम्प्युटर रखडला की लोक देवाचं नाव नंतर घेतात, आधी माझं घेतात. "मेयर, जरा बघ ना!" मी जातो, दोन वायरी हलवतो, चार खिडक्या बंद करतो, कपाळाला आठ्या घालतो आणि म्हणतो, "आता चालेल." आणि चालतं! का चालतं हे मलाही दर वेळी कळतंच असं नाही, पण डॉक्टरने ते पेशंटला सांगायचं नसतं.

तर एवढ्या भांडवलावर मी आमच्या वरिष्ठ बाई मिखाल यांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. मागणी साधी होती. मंगळवार आणि गुरुवार मला रामल्यातल्या माझ्या घरून काम करू द्या. साल २००८. तेव्हा 'घरून काम करतो' हे 'आजी वारली' याच्या शेजारचं कारण समजलं जायचं.

मिखालने चष्म्यावरून पाहिलं. "येत्या गुरुवारी अकराला हैफाचे ग्राहक आपला गोदामाचा प्रोग्रॅम बघायला येताहेत. ते इथे माझ्याजवळ बसतील, तू घरून चालवून दाखव. सुरळीत झालं तर तुझे मंगळवार-गुरुवार तुझे. रखडलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"रखडेल? माझ्या हातात?" असं म्हणून मी हसलो. ते हसणं परत घेता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आता थोडं समजावून सांगतो. माझ्या आईला समजलं, तेव्हा तुम्हालाही समजेल. आमच्या कंपनीचे खरे कॉम्प्युटर दूर बीरशेव्याला एका भाड्याच्या थंडगार हॉलमध्ये होते. आम्ही वापरायचो ती व्हर्च्युअल मशीन, म्हणजे त्या मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटातला एक नुसता मानलेला कॉम्प्युटर. त्याला हात लावता येत नाही, पण तो आपला असतो. त्याच्यापर्यंत जायचं व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटच्या भर रस्त्याखालून कंपनीने काढलेल्या खाजगी बोगद्यातून. सगळ्यांचे बोगदे ऑफिसमधूनच पुढे जायचे, माझ्या घरचासुद्धा.

"म्हणजे नसलेला कॉम्प्युटर आणि त्याला न दिसणारा रस्ता," आई म्हणाली. "पगार तरी खरा देतात ना रे?"

माझी हुशारी पुढेच आहे. रोज उठून बोगदा कोण जोडणार आणि पासवर्ड कोण घालणार? मी घरच्या राउटरमध्येच व्हीपीएन बसवून टाकला. घरात कुठेही वायर लावा, तुम्ही थेट ऑफिसात! माझी बायको गाली म्हणाली, "मला घरी बसून ऑफिसात असायचं नाही," आणि हॉस्पिटलात ड्युटीला निघून गेली. स्वयंपाकघरात आईचा एक जुना कॉम्प्युटर होता. ठाण्याच्या मावशीशी कॅमेऱ्यावर बोलता यावं म्हणून मीच लावून दिलेला. तोही त्याच राउटरला जोडलेला होता. हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

आईला माझं घरून काम माझ्याहून जास्त हवं होतं. ऑफिसात मी दुपारी पिता नावाच्या पावात काहीबाही कोंबून उभ्या उभ्या खातो, याचं तिला भारी दुःख. घरी असलो तर गरम भात आणि माशाचं कालवण समोर ठेवता येईल. म्हणून तिने एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताला मलिदा बोलला. आम्हा बेने इस्राएल लोकांत काम अडलं की हन्नाबीला नवस करतात, आणि काम झालं की गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून प्रार्थना म्हणतात. काम झालं की! पण आईने मलिदा ठेवला गुरुवारीच, अकराच्या ठोक्याला.

"येहुदित, काम आधी, नवस मागाहून," सॅमसनमामा आईला म्हणाले. मामा आमच्या पलीकडच्या बिल्डिंगीत राहतात आणि प्रार्थनेच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असतो, असं त्यांचं मत आहे.

"भाऊ, त्याची परीक्षा अकराला. संध्याकाळी मलिदा करून त्याला काय फायदा? ताट आधीच समोर ठेवलं की हन्नाबीला पण नाही म्हणायला जड जाईल."

मामांनी तिथे माघार घेतली, पण लगेच दुसरीकडे पाय रोवले. "मग मिन्यान पाहिजे. दहा पुरुष. नऊ असले तरी मी तोंड उघडणार नाही."

गुरुवारी सकाळी रामल्यात दहा रिकामे पुरुष कुठून आणायचे? आई शांतपणे खोबरं खवत म्हणाली, "ते मी बघते." या वाक्याने माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. पण मी माझ्या तयारीत होतो.

गुरुवार उजाडला. मी खोलीचं दार लावलं, कानाला घरच्या फोनचा हेडफोन लावला आणि बीरशेव्याची मशीन उघडली; तेच चित्र ऑफिसात मिखालच्या पडद्यावर दिसत होतं. लोण्यासारखी चालत होती! पलीकडून मिखालचा आवाज, हैफाच्या पाहुण्यांचे खाकरे, कपबशांची किणकिण. मी म्हणालो, "नमस्कार मंडळी, हे आपलं संत्र्यांचं गोदाम," आणि बाण संत्र्यांवर नेला.

बाण गेलाच नाही. मी माउस हलवून थांबलो, तेव्हा तो उठला, जरासा चालला आणि बटाट्यांवर जाऊन बसला.

"हे बटाटे आहेत," मिखाल म्हणाली.

"बटाटेही आहेत," मी म्हणालो. "गोदाम मोठं आहे."

आता डॉक्टर कामाला लागला. घरातल्या विजेचा दाब असेल! दार किलकिलं करून ओरडलो, "आई, एसी बंद कर!" एसी बंद झाला. मशीन आणखी मंद. "आई, फ्रिज बंद कर!" फ्रिज बंद झाला. मशीन त्याहून मंद. "आई, तू इंटरनेट वापरतेयस का?"

"मी कशाला वापरू इंटरनेट? मी मलिदा करतेय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ती खोटं बोलली नाही. तिच्या दृष्टीने इंटरनेट म्हणजे मी जे करतो ते. ती जे करत होती त्याला ती नातेवाइकांशी बोलणं म्हणायची.

"चालत नाहीये का रे?" तिने विचारलं.

"अजिबात नाही!"

"अगं बाई. थांब, अजून माणसं बोलावते."

प्रार्थनेला माणसं वाढली तर बरंच, असं म्हणून मी दार लावलं. दर वेळी मी कण्हलो की आई अजून माणसं बोलवायची, आणि दर वेळी माणसं वाढली की मी अजून कण्हायचो. हे चक्र बराच वेळ फिरत राहिलं आणि त्याला फिरवणारा मीच, हे मला कळलं नाही.

शेवटी मी ब्रह्मास्त्र काढलं. ऑफिसात एयाल नावाचा आमचा नेटवर्कवाला बसतो. सगळ्या बोगद्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे. मोबाइलवरून त्याला गाठलं. "एयाल, माझ्या घराच्या लाइनीला पहिला मान दे. बाकी सगळे मागे. इथे अब्रूचा प्रश्न आहे."

"सगळ्यांच्या आधी?"

"सगळ्यांच्या आधी!"

एयालने बटण दाबलं. माझी मशीन होती तिथेच राहिली. पण स्वयंपाकघरातून आईचा खणखणीत आनंद ऐकू आला. "आहाहा! आता कसं क्लिअर दिसतंय! दाविद, दाढी नाही केलीस वाटतं?"

आणि तेवढ्यात मिखाल हेडफोनमधून म्हणाली, "मेयर, आता इथे कोणाचंच काही चालत नाहीये. हिशेबवाले बसून आहेत. ईमेल बंद. हैफाची मंडळी घड्याळ बघताहेत. नू?"

'नू', म्हणजे 'मग, पुढे काय?', हा आमच्याकडचा सर्वांत छोटा शब्द आहे आणि तो वरिष्ठांनी म्हटला की त्यात अख्खी नोटीस असते. मला माझे मंगळवार-गुरुवार सामान बांधून निघालेले दिसायला लागले. मी चिडून माउस दाबत सुटलो. इथे दाब, तिथे दाब, पुन्हा दाब. पडदा ढिम्म.

मोबाइल वाजला. एयाल. त्याचा आवाज विचित्र झाला होता. "मेयर, ऑफिसची अख्खी लाइन तुझं घर खातंय. तुझ्याकडून एकाच वेळी ठाण्याला, येरुहामला आणि अश्दोदला चित्रं चाललीयत. तुझ्या घरात नेमकं चाललंय काय?"

हेडफोन काढून मी धावलो.

स्वयंपाकघरात टेबलावर मलिद्याचं ताट, वर केळी, खजूर, डाळिंबाचे दाणे. ताटासमोर प्रार्थनेची टोपी घालून सॅमसनमामा. आणि त्यांच्यासमोर आईचा कॉम्प्युटर, त्यावर सगळ्या चौकटींत माणसंच माणसं! येरुहामहून दाविदकाका आणि रात्रपाळी करून आलेले त्यांच्या फॅक्टरीतले दोघे, डोळे चोळत. ठाण्याहून मावशीचे यजमान, त्यांचा मुलगा आणि शेजारच्या बिल्डिंगीतले एक वृद्ध गृहस्थ. अश्दोदहून एक चुलतभाऊ, जो गाडी चालवायच्या कपड्यांत होता. या सगळ्यांना कंपनीच्या बोगद्यातून, पहिल्या मानाने, मी आणून बसवलं होतं!

"आई, हे बंद कर! यांच्यामुळेच माझी मशीन अडलीय!"

"यांच्यामुळे?" आईला खरोखर वाईट वाटलं. "अरे, ते तुझ्यासाठी झोप मोडून बसलेत."

"बंद कसं करणार?" मामा म्हणाले. "सुरुवात अजून झालीच नाही. मला आणि तुला धरून नऊ होतात. एक कमी आहे."

मी दोन्ही हात जोडले. "मामा, मग नऊवर म्हणा."

"नऊवर म्हणायला मी काय नवा आहे?"

माझ्या हातातल्या मोबाइलमधून एयाल ओरडत होता, "कोण नऊ? मेयर, मी लाइन तोडू का?"

आईने शांतपणे फोन माझ्या हातातून घेतला. तिच्या हिब्रूत निम्मं मराठी असतं, पण अडत कोणाचंच नाही. "कोण बोलतंय? एयाल? बाळा, तू ज्यू आहेस ना? तेराव्या वर्षी बार मित्झ्वा झालाय ना? मग फोन ठेवू नकोस. तू दहावा."

मी वाट बघत होतो की एयाल हसेल, शिव्या देईल आणि लाइन तोडेल. पलीकडून ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "थांबा, टोपी शोधतो."

मामांचा मोबाइलवर विश्वास नव्हता. तोंड दिसल्याशिवाय मोजणार नाही, म्हणाले. मग एयालही कॅमेरा लावून एका चौकटीत आला, डोक्यावर प्रिंटरचा कागद दुमडून! मामांनी बोटांनी दहा मोजले आणि सूर लावला.

मी म्हणालो, "एयाल, तोड ना रे!"

"आता?" एयाल कागद सावरत म्हणाला. "अर्ध्या प्रार्थनेत? मला घरी आजी आहे, मेयर."

मग मी काय करणार? दहांतला एक मीच होतो. उभा राहिलो आणि आमेन म्हणत गेलो. तिकडे हेडफोन खोलीत एकटाच 'नू? नू?' करत पडला होता. येरुहाम आमेन, ठाणे आमेन, अश्दोद आमेन, आणि एकही आवाज अडखळला नाही. इतकी सुरळीत लाइन मी माझ्या नोकरीत कधी पाहिली नव्हती.

मलिदा झाला. मंडळींनी हात हलवले, चौकटी एकेक करून काळ्या झाल्या. मी तीरासारखा खोलीत पळालो. बोगदा मोकळा झाला होता, आणि मघापासून मी चिडून दाबलेलं सगळं त्यात तुंबून बसलं होतं. ते आता एकदम बीरशेव्यात जाऊन पोचलं. मिखालच्या पडद्यावर गोदाम धडाधड उघडलं, संत्री ट्रकांत भरली गेली, बटाटे निघाले, कांदे निघाले, सगळा माल एलातकडे रवाना झाला, गोदाम रिकामं, पावत्या छापून तयार!

मी हेडफोन कानाला लावला. मग हैफाचे मोठे साहेब म्हणाले, "बापरे. इतका वेगवान प्रोग्रॅम मी पाहिलेला नाही. कुठे सही करू?"

धंदा पदरात पडला. एयालने मिखालला सांगितलं, मधे लाइनीत काहीतरी अडकलं होतं, मेयरने घरून काढलं. तो दुसरं काय सांगणार? तोही त्यात होता. मिखाल म्हणाली, "घरून काम करायचं एक महिन्यानंतर ठरवू." आईने उरलेला मलिदा डब्यात भरून एयालला पाठवला आणि मामांना म्हणाली, "पावला की नाही?"

"निम्मा पावला," मामा म्हणाले. "आधी फेडला ना."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण त्या दिवशीची मजा सगळ्यांना आवडली. दाविदकाकांचा येरुहामहून फोन आला, ठाण्याहून मावशीचा आला. आता दर गुरुवारी अकराला मंडळी आईच्या स्वयंपाकघरात जमतात. मी राउटरमधून व्हीपीएन काढायला गेलो, तर आई म्हणाली, "तुझ्या ऑफिसशिवाय ठाण्याचं चित्र हलतं. खबरदार हात लावलास तर." एयालला म्हटलं, तू तरी पहिला मान काढ. तो म्हणाला, काढतो. पण मी ऑफिसात असतो, माझ्या जागी मामांनी एक शेजारी धरून आणलाय, तरी मिन्यान नऊवरच अडतं, आणि दहावा एयालच. दर गुरुवारी अकराला तो ऑफिसच्या नेटवर्कच्या खोलीत जातो आणि आतून कडी लावतो. आता त्याच्याकडे खरी टोपी आहे.

आणि दर गुरुवारी अकराला अख्खी कंपनी थांबते. मिखाल ओरडते, "मेयर!" मी उठतो, कपाळाला आठ्या घालतो आणि तिच्या टेबलाखाली शिरतो. तिथे दोन वायरी हातात धरून, मामांचं शेवटचं आमेन होईपर्यंत बसून राहतो. मग बाहेर येऊन सांगतो, "आता चालेल." आणि चालतं.

महिना संपला तेव्हा मिखालने मला बोलावलं. खूश होती. म्हणाली, "मी नीट पाहिलंय. तू टेबलाखाली गेलास की हमखास सुरू होतं. तुझ्याशिवाय या ऑफिसचा एक दिवसही निघणार नाही. तेव्हा ते घरून काम करायचं विसर. गुरुवारी तर अजिबातच नाही."