जुना द्या, नवा न्या

बास्केटबॉलच्या मैदानावर स्वतःची खुर्ची घेऊन येणारा खेळाडू मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे होडेकरचाचा. हिरव्या नायलॉनच्या पट्ट्यांची, घडीची खुर्ची. कंपनीच्या बसमधून ती मांडीवर धरून आणायची, बाकाच्या उजव्या टोकाला उघडायची, दोनदा दाबून बघायची आणि मग बसायचं. बसले की सामना संपेपर्यंत बसलेलेच. मध्येच पाणी प्यायला उठावं लागलं, तर खांद्यावरचा निळ्या रेघांचा टॉवेल खुर्चीवर पसरून उठत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसं.

"चाचा, तुमच्या खुर्चीवर बसणार कोण?" मी एकदा विचारलं.

"कोण बसणार नाय, ते मला पण माहीत आहे," ते म्हणाले. "पण जागा धरून ठेवायची, देशमानेभाऊ. एकदा गेली की गेली."

हे बहारीनमधलं, नव्वदच्या दशकातलं. सित्र्याच्या एका कंपनीत मी ड्राफ्ट्समन होतो. मूळचा सांगलीचा. मला खेळता येत नाही, पण अक्षर चांगलं आहे, म्हणून कंपनीच्या बास्केटबॉल संघाचा मॅनेजर केलं होतं. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला लहानपणापासून सवय. बायको त्याला भोचकपणा म्हणते, मी जिज्ञासा म्हणतो. पुढं जे मला कळलं ते या सवयीमुळंच कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं मला अजूनही अधूनमधून वाटतं.

होडेकरचाचा आमचे बदली खेळाडू. पन्नाशीला टेकलेले, रत्नागिरीकडचे, जयगडच्या खाडीकाठचे. अंगानं शिडशिडीत, दाढी मेंदी लावून लाल केलेली. प्रत्येक सामन्याआधी ते अशी तयारी करत की बघणाऱ्याला वाटावं, आज हेच सगळे गुण करणार. कॅनव्हासच्या बुटांना दोन-दोन गाठी, गुडघ्यांना पट्ट्या, बोटांना स्टोअरमधली काळी इन्सुलेशन टेप. एवढं सगळं करून खुर्चीत बसायचं. मी मॅनेजर असताना चार वर्षांत ते एकूण अकरा मिनिटं खेळले. हा आकडा मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण घड्याळ माझ्याच हातात असायचं.

नोकरीत ते स्टोअरकीपर. त्यांच्या स्टोअरचा एकच कायदा होता: जुना द्या, नवा न्या. जळलेला बल्ब दाखवल्याशिवाय नवा बल्ब नाही, फाटका हातमोजा दिल्याशिवाय नवा हातमोजा नाही. एकदा आमचा फोरमन हरवलेल्या पान्याच्या बदली नवा मागायला गेला. चाचा म्हणाले, "हरवला तो आणा, मग नवा देतो." फोरमन तासभर त्यांना समजावत होता की हरवलेली वस्तू आणता येत नाही. चाचांचं म्हणणं, तसं असेल तर ती हरवली कशाला?

बास्केटबॉलमध्ये ते आले तेही स्टोअरच्याच दारानं. कंपनीचं मैदान स्टोअरच्या मागंच होतं. फार वर्षांपूर्वी एकदा चेंडू खिडकीतून आत आला. चाचांनी त्याची रीतसर नोंद केली आणि कपाटात ठेवला. पोरं मागायला आली तर म्हणाले, "जुना द्या." पोरं म्हणाली, "चाचा, तोच जुना आहे." हा पेच सुटेना. शेवटी तडजोड अशी झाली की चेंडूबरोबर चाचाही मैदानावर येतील आणि खेळ संपला की दोघं परत जातील. तेव्हापासून ते संघात.

खेळत नसले तरी ते नुसते बसत नव्हते. समोरच्या संघातल्या एकेका गड्याचा त्यांनी अभ्यास केलेला. "तो चार नंबरवाला बघा, डावीकडं जातच नाय. लग्न झाल्यापासून." "दाढीवाला दमला, तोंडानं श्वास घेतोय. आता त्याच्या अंगावर जा, यल्ला!" कॅप्टन दिलीप शेट्ये ठाण्याचा इंजिनियर, स्वतःला फार शहाणा समजायचा. पण चाचांनी सांगितलेलं तो मुकाट्यानं करायचा आणि नंतर स्वतःची युक्ती म्हणून सांगायचा. मध्यंतर झालं की चाचा पिशवीतून पत्र्याचा डबा काढत. त्यात संत्र्याच्या फोडी, वर मीठ आणि किंचित तिखट. पाच खेळाडूंना देऊन झालं की मला दोन. स्वतः कधी खात नसत. बसलेल्या माणसाला भूक कसली, म्हणत.

आता मुद्द्याचं. आमची स्पर्धा हिवाळ्यात, सगळ्या भारतीय कामगारांच्या संघांची. आखातात माणूस दोन वर्षांनी दोन महिन्यांच्या लीव्हवर जातो, त्यामुळं ऐन हंगामात कुणाचा ना कुणाचा खांब पडलेला असायचाच. म्हणून एक रीत पडली होती. स्पर्धेआधी संघ आपापसात खेळाडूंची अदलाबदल करत. माणसाला माणूस. नोकरी जिथली तिथं, फक्त जर्सी बदलायची.

त्या वर्षी तुबलीच्या गॅरेजवाल्यांचा निरोप आला. त्यांचा गुरमीत आम्हाला द्यायला ते तयार होते. गुरमीत म्हणजे सव्वासहा फूट उंचीचा पंजाबी मेकॅनिक. हात वर केला की रिंगची जाळी दुरुस्त करून खाली येईल असा. त्याच्या बदल्यात त्यांना हवे होते होडेकरचाचा.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. आमचा संघ तीन वर्षं उपान्त्य फेरीत हरत होता, केवळ उंची नाही म्हणून. गुरमीत मिळणं म्हणजे घरबसल्या लॉटरी. पण तुबलीवाले वेडे झाले होते काय?

पाच जणांची कमिटी बसली. दिलीप म्हणाला, "भावना बाजूला ठेवा. सव्वासहा फूट येतायत आणि एक खुर्ची जातेय. यात विचार कसला करायचा?"

"आणि संत्री कोण आणणार?" आमचा बुटका पास देणारा शिंदे म्हणाला. तो मात्र हसण्यावारी नेत नव्हता. "चाचा नसले की मला पुढचं दिसत नाही. माझ्या उजव्या कानाला त्यांचा आवाज लागतो."

एक दिलीपच्या बाजूला, एक शिंदेच्या. दोन विरुद्ध दोन झाले आणि निकाल माझ्या मतावर आला. मी म्हटलं, शनिवारी सांगतो. खरं म्हणजे मला मत ठरवायचं नव्हतं, मला कोडं सुटत नव्हतं. बदली खेळाडूच्या बदल्यात एवढा उंच माणूस कोण देतं?

शुक्रवारी सुट्टी. सकाळीच तुबलीला गेलो. खाडीच्या बाजूला पत्र्याच्या शेडची रांग, त्यातल्या एकीत त्यांचा कॅप्टन जोजी, मूळ केरळचा, गाडीच्या दाराला पुट्टी लावत होता. मी सरळच विचारलं.

"हमारे पास छह आदमी है," जोजी म्हणाला, "छहों को खेलना माँगता. जिसको बोलो तू बैठ, वो दो दिन बात नहीं करता. बैठना किसको आता है, सर? आपके चाचा को आता है."

"इतनेके लिए गुरमीत दे रहे हो?"

जोजीनं पुट्टीची पट्टी खाली ठेवली. "चाचा ने बोला नहीं आपको? वो खुद आया था. तीन शुक्रवार आया. बोला, नया उनको दो, पुराना मुझको लो. मैं बोला, चाचा, ऐसा सौदा मफी, नहीं होता. तो बोला, पूरा सीझन शुक्रवार को मछली मैं पकाएगा." तो जरा ओशाळला. "आठ साल से इधर घर का जैसा मछली नहीं खाया, सर."

म्हणजे कोडं हे होतं. अदलाबदलीचा प्रस्ताव तुबलीवाल्यांचा नव्हताच. चाचांनी आपल्या स्टोअरचा कायदा स्वतःला लावला होता.

मी तसाच सित्र्याला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये गेलो. चाचा नमाजाहून आले होते, दाराबाहेर पाटावर बसून बांगडे साफ करत होते. मला बघून त्यांना सगळं कळलं असावं. म्हणाले, "जोजीच्या पोटात काय राहत नाय."

"चाचा, तुम्हाला आमच्यात बसायचं नाही का?"

त्यांनी एक बांगडा पूर्ण साफ केला, धुतला, मग बोलले. "अंतिम सामना एकदा तरी बघायचाय, भाऊ. गुरमीत आला तर पोरं जातील, इंशाल्ला. मी बसलोय तोवर ती जागा अडलेली."

"पण जागा सोडायची नाही, हे तुम्हीच सांगता ना?"

ते हसले. मग सुरी बाजूला ठेवली. "गेल्या लीव्हला घरी गेलो. माझा पलंग होता, खिडकीजवळचा. आता त्याच्यावर मुलगा झोपतो. मला बाहेरच्या खोलीत गादी घातली. नवी चादर, नवी उशी. पाहुण्याला घालतात तशी. बायकोनं विचारलं, चहात साखर किती? पंचवीस वर्षं झाली लग्नाला. तिची चूक नाय. दोन वर्षांत दोन महिने. मी तिथला पण बदलीच. जागा धरायला माणूस तिथं लागतो ना. टॉवेल टाकून किती दिवस चालेल?"

माझीही मुलगी सांगलीत होती, आणि फोनवर ती मला 'तुम्ही' म्हणायला लागली होती.

"म्हणजे इथली खुर्ची तेवढी तुमची," मी म्हटलं, "आणि तीच देताय."

"पोरांना देतोय, परक्याला नाय," चाचा म्हणाले. "तुमी मत द्या आणि हे कोणाला बोलू नका. शिंदेला कळलं तर रडेल आणि दिलीपला कळलं तर म्हणेल त्याचीच आयडिया. खलास." मग दोन बांगडे कागदात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिले.

शनिवारी मी गुरमीतच्या बाजूनं मत दिलं. शिंदे आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मी बरोबर केलं की चूक, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. ज्याची जागा त्यानंच ती द्यायची म्हटल्यावर आपण आडवं कसं यायचं?

चाचा गेले, पण खुर्ची ठेवून गेले. संघाची म्हणाले. ती आता बसमधून मी मांडीवर घेऊन यायचो आणि बाकाच्या उजव्या टोकाला उघडायचो. दोनदा दाबूनही बघायचो. कुणी बसत नव्हतं. गुरमीत रिंगखाली उभा राहून चेंडू वेचायचा आणि आम्ही जिंकत होतो. संत्री मी आणली एकदा, पण तिखट जास्त पडलं.

उपान्त्य फेरीत गाठ तुबलीशीच पडली. संध्याकाळी गर्दी चांगली जमली होती. पलीकडच्या बाकावर चाचा नव्या केशरी जर्सीत, बोटांना टेप, बुटांना दोन गाठी. अर्धा सामना ते जोजीच्या कानाशी बोलत होते, आणि शिंदे डावीकडून पास देतो हे तुबलीवाल्यांना कुणी सांगितलं, ते आम्हाला समजत होतं. इमानात खोट नव्हती माणसाच्या.

मध्यंतराची शिटी झाली. चाचांनी पिशवीतून डबा काढला आणि मैदान ओलांडून सरळ आमच्याकडं आले. पाच जणांना फोडी दिल्या. गुरमीतलाही. मला दोन. मग हुश्श करून हिरव्या खुर्चीत बसले आणि दिलीपला म्हणाले, "त्यांचा सात नंबर दमलाय. तोंडानं श्वास घेतोय. आता त्याच्या अंगावर जा, यल्ला!"

शिंदेनं फोड तोंडात धरली होती, ती तशीच राहिली. चाचांनी आमच्या चेहऱ्यांकडं बघितलं, मग स्वतःच्या केशरी जर्सीकडं.

"अरेच्चा," ते म्हणाले. "सवय हो. दुसरं काय."

पलीकडून जोजी हाका मारत होता, "चाचा, इधर! इधर आओ!" तुबलीचे पाचही जण रिकाम्या हातांनी आमच्याकडं बघत होते. चाचा घाईघाईनं उठले, डबा बंद केला, दोन पावलं गेले. मग परत आले. खांद्यावरचा निळ्या रेघांचा टॉवेल काढला, खुर्चीवर पसरला, हातानं सारखा केला आणि माझ्याकडं न बघता पलीकडं निघून गेले.

दुसरा भाग सुरू झाला. पाचेक मिनिटांत दमलेला गुरमीत बाहेर आला आणि घाम पुसत त्या खुर्चीकडं वळला. टॉवेल उचलायला त्यानं हात पुढं केला, तसा मी त्याचा हात धरला.

"उधर मत बैठ," मी म्हटलं. "वहाँ आदमी है."