नखाएवढं चित्र

ओव्हाळकाका रस्त्यानं निघाले की मधूनच त्यांचा उजवा हात ताठ पुढं जातो आणि ते खणखणीत आवाजात ओरडतात, "डबल यलो!" समोर भाजीची हातगाडी आडवी असते, नाहीतर एखादी म्हैस. नवखा माणूस दचकतो. आम्हा दौंडकरांना सवय आहे. काकांनी अख्खी नोकरी रेल्वेचं इंजिन चालवण्यात काढली. सिग्नल दिसला, समजा 'पुढं जपून' सांगणारा डबल यलो, की ड्रायव्हरनं हात करून तो मोठ्यानं सांगायचा आणि शेजारच्या असिस्टंटनं तोच परत म्हणायचा, असा तिथला नियम. म्हणजे दोघंही जागे आहेत हे कळतं. काका रिटायर झाले, नियम काही झाला नाही.

माझ्या सासूबाई तापलेल्या असल्या की काका दारातूनच "रेड!" म्हणतात आणि मागं फिरतात. याचा अर्थ सासूबाईंना अजून कुणी सांगितलेला नाही, आणि मी तर मुळीच सांगणार नाही. एक मात्र होतं. ओरडून झालं की काका जागेवर थांबायचे, कान दिल्यासारखे, आणि मग पुढं निघायचे. मला वाटायचं, वयानं दम लागत असेल.

माझं स्टेशन रोडला फ्लेक्सचं दुकान आहे. पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि मेलेल्यांची भावपूर्ण श्रद्धांजली, यावर आमची चूल पेटते. गावात माणूस गेला की लोक आधी माझ्याकडं येतात, मग लाकडं सांगायला जातात. जन्मात कधी कोट घातला नाही अशा कितीतरी म्हाताऱ्यांना मी मेल्यावर कोट घातलाय. तेव्हा काका दुकानात येऊन "पोरी, एक कव्हर करून दे" म्हणाले, तसा मी आधी कोटाचा फोटोच उघडला.

"कोण गेलं, काका?"

"कुणी न्हाई गेलं. गेम केलाय मी."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा हैदराबादला, त्याचा जुना कॉम्प्युटर घरात पडून होता. विहाराच्या पायरीवर बाकीचे म्हातारे पेपर वाचत बसायचे, तेव्हा हे घरात बसून व्हिडिओ बघत गेम बनवायला शिकले. असे घरी केलेले गेम विकायचं एक दुकान इंटरनेटवर असतं म्हणे. तिथं हजारो गेम ओळीनं मांडलेले, आणि प्रत्येकाचं आपलं एक नखाएवढं चित्र. बघणारा अंगठ्यानं सरासरा वर ढकलत जातो. चित्रावर त्याचं बोट थांबलं तर ठीक, नाहीतर तुमची वर्षानुवर्षांची मेहनत गेली वर वाहून.

मी गेम खेळून बघितला. नाव 'गाडी थांबते'. पहाटेचं धुकं, पुढं रूळ, हाताशी फक्त भोंगा आणि ब्रेक. लांब रुळावर कुणीतरी दिसतं. आपण भोंगा वाजवायचा, ब्रेक मारायचा. गाडी थांबते. ते माणूस रुळावरून उतरून आपल्या घराकडं चालू लागतं. मग पुढचं माणूस.

"आन् चुकलं तर?"

"चुकत न्हाई."

"म्हंजी हरायचं कसं?"

"हरायचंच न्हाई."

"काका, असला गेम घेणार कोण हो? पोरांना हाणामारी लागती."

"न का घेईनात. पर बोट थांबलं पायजे. त्या चित्रावर एकदा तरी माणूस थांबला पायजे."

त्यांनी स्वतः एक कव्हर केलं होतं. त्यात इंजिन, चार सिग्नल, पूल, चंद्र, दौंडची पाटी, आणि कोपऱ्यात युनिफॉर्ममधले खुद्द काका. मी म्हटलं, "काका, ही लग्नपत्रिका झाली. नुसतं चि. सौ. कां. राहिलंय." ते हसले नाहीत. त्यांनी ते माझ्याकडून नखाएवढं छापून घेतलं, समोरच्या रसवंतीच्या खांबाला चिकटवलं, पार लांब कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथून नाकासमोर चालत आले. जे पहिलं ओळखू येईल ते ओरडायचं, अशी त्यांची परीक्षा. अर्ध्या रस्त्यात ओरडले, "घोटाळा!" मागचा टमटमवाला त्याहून मोठं काहीतरी ओरडला, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग मी जोर लावला. अख्ख्या चित्रात एकच इंजिन, तोंडातून आगीचे लोळ, सोनेरी उठावदार अक्षरं. रसवंतीवाल्यानं बसल्या जागेवरून ओळखलं. काकांनी ते फाडून टाकलं.

"इंजिन नको. इंजिनात बसलेल्याला इंजिन दिसत असतंय व्हय?"

"मग काय दिसतं?"

"रूळ. आन् लांब काहीतरी बारकं. पोरी, बारकं हाय तवाच कळलं पायजे. मोठं झाल्यावर कळून काय उपेग?"

हे त्यांचं पालुपद. बारकं हाय तवाच कळलं पायजे. चहा पिताना तेच, निघताना तेच. महिनाभर माझ्या दुकानात एवढंच चाललेलं. नवरा म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला हाकल, नाहीतर त्याचाच श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापायची वेळ आणील हा टमटमवाला." मलाही वैताग आला होता. शेवटी मी विचारलं, "तुमच्या डोक्यात आहे तरी काय? एकदाच सांगून टाका."

काकांनी स्टूल माझ्या पडद्यापाशी ओढलं. मग म्हणाले, "डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई काढ. रुळावरनं चाललेली."

काढली. धुकं, रूळ, मधोमध भारा आणि खाली बाई. मोठ्या पडद्यावर झकास दिसत होती. नखाएवढी छापून खांबाला लावली. काका माझ्याशेजारी पायरीवर उभे होते. मी डोळे बारीक करून बघितलं आणि मला हसूच फुटलं.

"काका, हे तर झुडूप दिसतंय हो!"

काका पायरीवर बसले.

"मला बी झुडूपच दिसलं हुतं," ते म्हणाले.

माझं हसू जागच्या जागी मेलं. काका समोरच्या खांबाकडं बघत बोलत होते. मनमाड लाइन, पहाटेचं धुकं. "असिस्टंटला म्हणालो, झुडूप हाय. त्यो बी म्हणाला, झुडूप हाय. नियमानं. भोंगा वाजवला न्हाई. झुडपाला कोण भोंगा वाजवतंय? मग झुडपानं मान वळवली."

"ब्रेक?"

"लावला की. गाडी काय सायकल हाय व्हय?"

"मग?"

"मग काय? गाडी मनमाडला न्यायची हुती. नेली."

नोकरीत असं प्रत्येक ड्रायव्हरच्या वाट्याला येतं, असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं. काकूंनीही सांगितलं होतं. त्यांना ते पटलं नव्हतं, एवढंच. मी रसवंतीतून रस आणला, तो त्यांनी घेतला नाही.

ते गेल्यावर मी त्या चित्रापुढं बसले. माझं माहेर न्हावऱ्याचं. लग्नापर्यंत मी रोज वैरण वाहिली आहे, आणि काढली काय, तर दोन्ही हात खाली सोडलेली बाई! लाज वाटली मला. भारा डोक्यावर असला की एक हात वर लागतोच. कोपर बाहेर येतं, आणि कोपर नि मान यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसतो. झुडपाला कोपर नसतं. मी धुकं मागून उजळ केलं, बाई गडद केली, तेवढी एक फट मोकळी ठेवली. खाली जाड पांढऱ्या अक्षरांत 'गाडी थांबते'. बाकी सगळं पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते नखाएवढं छापून खांबाला लावलं आणि काकांना काही न सांगता कोपऱ्यावर पाठवलं. ते नाइलाजानं चालत निघाले. अजून औषधाच्या दुकानापाशीच होते, तिथून त्यांचा हात ताठ पुढं आला.

"बाई हाय!"

आणि भर रस्त्यात उभं राहून त्यांनी डाव्या हातानं हवेतला ब्रेक ओढला. तसाच धरून ठेवला. मागं टमटम करकचून थांबली, रिक्षा थांबली, लोक हसायला लागले. काका मात्र कान देऊन उभे. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं त्यांना दम लागत नव्हता. ते वाट बघत होते, कुणीतरी परत म्हणावं म्हणून. आणि गावात एकालाही ते कधी सुचलं नव्हतं, मलासुद्धा.

मागं दुकानाच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. असू देत म्हटलं. पायरीवर उभी राहून मी हात पुढं केला आणि घसा फुटेपर्यंत ओरडले, "बाई हाय!"

काकांनी हात खाली घेतला. सावकाश चालत आले, स्टुलावर बसले, कालचा नको म्हटलेला रस आज मागून प्यायले.

"थांबली," ते म्हणाले.

मी म्हटलं, "थांबली, काका."