कान पार्श्वभूमीत गेला

“अहो, तुमचा डावा कान कुठाय?” बायकोने विचारले.

स्टोअरकीपर बुटाची नाडी बांधत होता. कारखान्याचे नवे ओळखपत्र त्याने आदल्या संध्याकाळी मोठ्या कौतुकाने टेबलावर ठेवले होते. तेच घेऊन बायको खिडकीपाशी उभी होती. त्याने हात वर करून चाचपले.

“जागेवर आहे.”

“डोक्याला आहे हो. कार्डावर नाहीये.”

त्याने कार्ड ओढून घेतले. उजवा कान होता, चांगला ऐसपैस होता. डावीकडे मात्र गाल संपला की एकदम पांढरेशुभ्र. ज्याने सव्वीस वर्षांत स्टोअरमधला एक वॉशर हरवू दिला नव्हता, त्याचा स्वतःचा कान हरवला होता आणि रात्रभर त्याला पत्ता नव्हता.

“असू दे. कार्ड गेटवर दाखवायचं असतं, त्याला कुठे ऐकायचंय?” तो म्हणाला खरा, पण मनात पाल चुकचुकली. मुख्य स्टोअरकीपरची जागा रिकामी होती. तिच्यासाठी तो अकरा वर्षे डोळे लावून बसला होता. मुलाखत गुरुवारी होती, आणि तोवर एका दिवसाची गैरहजेरी लागली तरी अर्ज बाद होणार होता. आज सोमवार होता.

गेटवर नवे यंत्र बसवले होते. माणसाचे तोंड बघायचे, कार्डाशी ताडायचे आणि फाटक उघडायचे, एवढेच त्याचे काम. स्टोअरकीपर समोर उभा राहिला.

“ओळख पटली नाही,” यंत्र म्हणाले.

त्याने केस सारखे केले, हसून पाहिले, हसू मागे घेऊन पाहिले. तीन वेळा ओळख पटली नाही. मागे रांग वाढली आणि रांगेतून सल्ले येऊ लागले.

“अरे, तू तरी सांग ना याला!” तो वॉचमनला म्हणाला. पंधरा वर्षे दोघे एका बाकावर बसून चहा पीत होते.

“भाऊ, मी तुम्हाला ओळखतो,” वॉचमन खाली मान घालून म्हणाला. “पण आजपासून ओळखायचं काम माझ्याकडे नाही.”

तरी माणूस भला. त्याने कार्ड निरखले, भाऊंना निरखले आणि हळूच म्हणाला, “तो एक कान जरा झाका बरं.”

स्टोअरकीपरने डाव्या कानावर तळहात ठेवला. “ओळख पटली. स्वागत आहे,” यंत्र म्हणाले आणि फाटक उघडले.

तेवढ्यावर भागले असते, पण स्टोअरच्या दारालाही तसलेच यंत्र होते. दोन्ही हातांत खोके घेतलेला माणूस कान कशाने झाकणार? अकरा वाजेपर्यंत तो बावीसदा खोके खाली ठेवून कानावर हात ठेवून आला. शेवटी वॉचमननेच प्रथमोपचाराच्या पेटीतली पट्टी काढून त्याच्या डोक्याभोवती गुंडाळली. मग सगळी दारे पटापट उघडू लागली.

जेवणाच्या सुट्टीत तो स्टुडिओत गेला. फोटोग्राफरने चाळीस वर्षे बारीक ब्रशने लोकांच्या मुरुमांना गाडले होते आणि साठी उलटल्यावर कॉम्प्युटर घेतला होता. त्यामुळे त्याचा उत्साह ताजा होता.

“पार्श्वभूमी पांढरी पाहिजे असा तुमच्या कारखान्याचा हुकूम. माझी भिंत पडली गव्हाळ,” तो समजावून सांगू लागला. “म्हणून मी कॉम्प्युटरला सांगितलं, या रंगाचं जे दिसेल ते उडव. आता तुमचा कान भिंतीच्या रंगाचा निघाला त्याला मी काय करणार? गाल वाचला हे नशीब समजा.”

“अहो, पण कान उडालेला दिसला नाही तुम्हाला?”

“माझं लक्ष पार्श्वभूमीवर होतं. बघा ना, एवढासा डाग दाखवा!”

कान परत लावायची सोय नव्हती, कारण कान उडालेला फोटो त्याने मूळ फोटोवरच सेव्ह करून मूळ पुसून टाकला होता. मग त्याने आतून पांढरी चादर आणून भिंतीवर टांगली आणि नवा फोटो काढला. दोन्ही कान आले.

“ही चादर त्या दिवशी का नाही लावलीत?” स्टोअरकीपरने विचारले.

“मग कॉम्प्युटर कशाला घेतला?” फोटोग्राफर म्हणाला.

मंगळवारी नवा फोटो घेऊन तो ऑफिसातल्या बाईंसमोर उभा राहिला. बाईंनी फोटो पाहिला, मग कार्ड पाहिले.

“आमच्याकडच्या फोटोत एक कान आहे. यात दोन आहेत.”

“पहिला चुकलाय, बाई.”

“चुकलेला असता तर मंजूर कसा झाला असता? शिक्का माझा आहे त्याच्यावर.”

“पण तुम्ही बघताय ना मला? हे काय, दोन आहेत!”

“मी पार्श्वभूमी तपासते. कान माझ्याकडे येत नाहीत,” बाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी एक छापील अर्ज पुढे केला. “शरीरात बदल झाला असेल तर हा भरा.”

अर्जात ‘अवयव गमावल्यास’ असा रकाना होता.

“आणि वाढल्यास?”

“तसा रकाना नाही. आजवर कोणाचा वाढला नाही. डॉक्टरांचा दाखला आणा, मग बघू.”

कारखान्याच्या डॉक्टरांनी हात झटकले. “कान नाही असा दाखला हवा तर आत्ता देतो. आहे असा एकदा तुम्हाला दिला, की उद्या अख्खा कारखाना रांगेत उभा राहील.”

पट्टी राहिली. बुधवारपर्यंत सगळे त्याच्या उजव्या बाजूला येऊन मोठ्याने बोलू लागले. कोणी म्हणे फळी पडली, कोणी म्हणे घरचे भांडण. तो सांगून सांगून थकला आणि गुरुवारी तसाच मुलाखतीला गेला.

“बसा!” साहेब ओरडले. शेजारी फाइल घेऊन त्याच बाई बसल्या होत्या. “काम चांगलंय हो तुमचं! पण कान कसा गेला?”

“गेला नाही, साहेब. आणि मला ऐकू येतं, तुम्ही ओरडू नका.”

“काय म्हणाला?” साहेबांनी बाईंना विचारले. ओरडण्याच्या नादात त्यांचे स्वतःचेच ऐकणे बंद पडले होते. मग ते आवाज न उतरवताच कुजबुजले, “अवघड आहे हो. उद्या कोणी डावीकडून बोल्ट मागितले तर हा नट काढून देईल.”

अकरा वर्षे एका पट्टीपायी पाण्यात चाललेली पाहून स्टोअरकीपरच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने डोक्यावरची पट्टी ओरबाडून काढली.

“हे बघा! दोन आहेत! जन्मापासून दोन आहेत!”

बाईंनी फाइल उघडली, फोटो पाहिला, त्याला पाहिले.

“साहेब, हा आपला माणूस नाही.”

“मग कोण?”

“बाहेरचा दिसतोय.”

बाहेरचा म्हटल्याबरोबर साहेब खुर्चीत सावरून बसले. त्यांचा आवाज मऊ झाला. “असं होय! चहा घेणार ना तुम्ही? स्टोअरचा काही अनुभव?”

“सव्वीस वर्षं,” स्टोअरकीपर चक्रावून म्हणाला.

“वा! समजा, आमच्याकडे तीन इंची बोल्ट आले. कुठे ठेवाल?”

“डावी भिंत, चौथं कपाट, खालून दुसरा खण. वरच्या खणात नाही ठेवायचे, तिथे पाइप गळतो. हे तीनदा लेखी कळवलंय.”

“बघितलंत?” साहेबांनी टेबलावर हात आपटला. “बाहेरच्या माणसाला गळका पाइप लगेच दिसला! आणि आपला तो सव्वीस वर्षं त्याच्याखाली बसलाय.”

पिकते तिथे विकत नाही म्हणतात, पण त्या दुपारी स्टोअरकीपर पिकल्या जागीच विकला गेला. पाच मिनिटांत नेमणुकीचे पत्र टाइप होऊन त्याच्या हातात पडले. खरे सांगून टाकावे म्हणून त्याने तोंड उघडले, पत्राकडे पाहिले आणि मिटले. दारापर्यंत गेल्यावर मात्र त्याला राहवेना.

“साहेब, तो एका कानाचा... त्याचं काय?”

“तो तुमच्या हाताखाली राहील,” साहेब उठून जवळ आले. “जरा सांभाळून घ्या त्याला. फार प्रामाणिक माणूस आहे. आम्ही कधी बोलून दाखवलं नाही, पण इतकी वर्षं स्टोअर चाललंय ते त्याच्याच जिवावर.”

सव्वीस वर्षांत आपल्याबद्दल कोणी असे बोललेले स्टोअरकीपरने ऐकले नव्हते. “ऐकेल तो माझं,” एवढेच तो कसेबसे म्हणाला. मग गेटबाहेर पडता यावे म्हणून त्याने पुन्हा पट्टी बांधली.

बायको दारातच उभी होती. पत्र वाचून तिने त्याचे दोन्ही हात धरले, शेजारणीला हाक मारली, आणि मग तिचे त्याच्या तोंडाकडे लक्ष गेले. तो उतरलेल्या चेहऱ्याने पट्टी सोडत बसला होता.

“अहो, मिळाली ना जागा? मग तोंड का असं?”

“मला मिळाली गं,” तो म्हणाला. “पण त्याला नाही मिळाली. सव्वीस वर्षं घासली बिचाऱ्याने. उद्या त्याला कुठल्या तोंडाने सांगू, तेच कळत नाही.”